दोन बोटांचं तोंड

लेकीचं लग्न फाल्गुनात ठरलं आणि मार्गशीर्षात माझा समोरचा दात तुटला. धानाचे चुकारे अजून मिळायचे होते. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या गावाहून गोंदियाला जायचं म्हणजे पूर्ण दिवस जातो, आणि दात बसवायला एक फेरी पुरत नाही. बाजाराच्या दिवशी गावात एक गृहस्थ दात बसवायचं दुकान लावायचे. पूर्वी शहरातल्या डॉक्टरांना कवळ्या घडवून द्यायचे, हात सफाईदार होता. लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे, मीही म्हटलं. तासाभरात दात बसला. लग्नाच्या फोटोत तो छान दिसतो.

पावसाळ्यात हिरडी सुजली, पू येऊ लागला. त्यांनी ओलं ॲक्रेलिक शेजारच्या दोन दातांना वेढून तिथेच घट्ट होऊ दिलं होतं. खाली अन्न कुजत राहिलं आणि ब्रश तिथे पोचतच नव्हता. गोंदियाच्या दंतवैद्य मॅडमनी तो दात कापून काढला. शेजारचे दोन्ही हलत होते, तेही गेले.

त्याआधी मॅडम म्हणाल्या, "काका, तोंड उघडा, तीन बोटं उभी आत घाला." दोनच गेली. वीस वर्षं मी खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, खात होतो. तिखट लागलं की तोंड जळायचं, घास मोठा घेता यायचा नाही, पण ते वयाचं म्हणून सोडून दिलं होतं. गाल आतून पांढरे आणि ताठ झाले होते. खर्ऱ्याने होणारा हा आजार पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात गालाचा तुकडा तपासला, कर्करोग नव्हता. खर्रा त्याच दिवशी सुटला. बाजारातल्या त्या गृहस्थांचा हात तासभर माझ्या तोंडात होता, तरी त्यांना हे दिसलं नाही. दिसणार कसं? ते त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

कवळी घडवणारा मेकॅनिक किंवा दात साफ करणारा हायजिनिस्ट काही चोर नव्हे. 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने दोघांनाही जागा दिली: एकाने कवळ्या घडवाव्या, दुरुस्त कराव्या, दुसऱ्याने दात खरवडून साफ करावे, निगा शिकवावी. 2023 च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यातही अशा सहायकांच्या नोंदणीची तरतूद आहे. रोग ओळखणं, दात काढणं हे दंतवैद्याचं काम. न्यूझीलंडने तर 1921 पासून शाळकरी मुलांचे दात भरायला खास परिचारिका तयार केल्या, पण दोन वर्षं शिकवून आणि सरकारी देखरेखीखाली. आमच्या आरोग्य केंद्रातही असं शिकलेलं माणूस हवं, असं मला मनापासून वाटतं. ते येईपर्यंत रिकाम्या जागी कोणीही बसतो.

म्हणून खुर्चीत बसण्याआधी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारायला लाजू नका, खरा दंतवैद्य रागावत नाही. "एका तासात पक्का दात" ऐकलं तर उठून या. असा दात आधीच बसवला असेल, तर दुखण्याची वाट पाहू नका, दाखवून घ्या. आणि घरात खर्रा खाणारा असेल तर त्याला आरशासमोर तोंडात तीन बोटं उभी घालायला लावा.

दिवाळीला जावई आले होते. तेही खर्रा खातात. मी तोंड उघडायला सांगितलं, लेक जवळ उभी होती. तिसरं बोट अडकलं. सोमवारी आम्ही दोघं नागपूरला निघालो.