दोन दिवसांचे वर्ष

ठाण्याच्या किंवा डोंबिवलीच्या फलाटावर उभे असताना एखादी न थांबणारी गाडी भोंगा वाजवीत निघून गेली, तर त्याचा स्वर कसा बदलतो याकडे तुम्ही कधी लक्ष दिले आहे का? गाडी जवळ येताना स्वर चढा असतो. ती पुढे गेली, की एकदम उतरतो. हाच डॉप्लर परिणाम होय.

प्रकाशाच्या बाबतीतही असेच घडते. तारा आपल्याकडे येत असेल, तर त्याच्या वर्णपटातील काळ्या रेषा निळ्या टोकाकडे किंचित सरकतात. दूर जात असेल, तर तांबड्या टोकाकडे. आता, ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असे आपण म्हणतो; वस्तुतः दोघेही समाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात. म्हणून ग्रह दिसला नाही, तरी ताऱ्याच्या डोलण्यावरून तो ओळखता येतो.

एचडी ८६०८१ हा तारा सुमारे ३४० प्रकाशवर्षे दूर, मघा ताऱ्याच्या दक्षिणेस आहे. वांगणीला आकाशदर्शनासाठी गेलात, तरी तो नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही. २००६ साली त्याच्याभोवतीचा ग्रह सापडला. हा तारा सेकंदाला सुमारे २०० मीटर वेगाने पुढेमागे डोलतो आणि दर २.१४ दिवसांनी एक आवर्तन पुरे होते. आपल्या गुरूमुळे सूर्य डोलतो, तो सेकंदाला जेमतेम १२.५ मीटर, आणि आवर्तनास जवळजवळ १२ वर्षे लागतात!

हा ग्रह ताऱ्यापासून किती दूर असेल? केप्लरचा तिसरा नियम वापरू. अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या, वस्तुमान सूर्याच्या पटीत आणि काल वर्षांत घेतला, तर

(अंतर)³ = ताऱ्याचे वस्तुमान × (काल)²

२.१४ दिवस म्हणजे ०.००५८६ वर्ष. ताऱ्याचे वस्तुमान १.२ धरल्यास अंतर येते ०.०३४५, म्हणजे सुमारे ५२ लक्ष किलोमीटर. बुध सूर्यापासून याच्या अकरापट दूर आहे! गुरूहून जड असलेला हा वायुगोल तेथे हजार अंशांहून अधिक तापत असला पाहिजे. अशा ग्रहांना ‘तप्त गुरु’ म्हणतात.

महाकाय ग्रह ताऱ्यापासून दूर, थंड भागातच तयार होतात, असे शास्त्रज्ञ मानीत. १९५२ साली ऑटो स्ट्रूव्ह यांनी सुचविले होते, की ते ताऱ्याला अगदी खेटूनही असू शकतील आणि डॉप्लर परिणामाने सापडतील. त्या सूचनेकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९९५ साली मायॉर आणि केलोझ यांना ५१ पेगासी ताऱ्याभोवती ४.२३ दिवसांत फिरणारा ग्रह सापडला, तेव्हा कोठे डोळे उघडले. असे ग्रह दूर जन्मून मग आत सरकले असावेत, असे आता बहुतेकांचे मत आहे. मात्र ते कसे सरकले, याविषयी अजून एकमत नाही.

२०१९ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या उपक्रमात एचडी ८६०८१ चे नामकरण भारताकडे आले. ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून ‘बिभा’ हे नाव मिळाले आणि ग्रहाला ‘संतमस’, म्हणजे झाकोळलेला. हे दुसरे नाव सुचविले पुण्यातील तेरा वर्षांच्या एका शाळकरी मुलाने!

आता तुमची पाळी. ५१ पेगासीचे वस्तुमान १.१ धरून त्याच्या ग्रहाचे अंतर काढा. उत्तर ०.०५३ च्या आसपास आले, तर रीत बरोबर आहे असे समजा.