आकाशातून पडलेल्या वस्तूची भरपाई

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रात आणि आपल्या मध्य प्रदेशातही अनेकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या वस्तूंची रांग पाहिली. पुष्कळांना ती उल्कावृष्टीच वाटली. परंतु चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी गावी धातूचे एक मोठे कडे येऊन पडले होते. तज्ज्ञांच्या मते तो चिनी अग्निबाणाचा अवशेष होय. तेच कडे आमच्या विजय नगरातील एखाद्या घरावर पडते, तर घरधन्याने दाद कोणाकडे मागावी?

१९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये अग्निबाण सोडणाऱ्या राष्ट्राने परदेशाच्या भूमीवरील हानी भरून द्यावयाची असते. त्याची चूक सिद्ध करण्याचेही कारण नाही. मात्र ही मागणी सरकारने सरकारकडे करावयाची. १९७८ साली सोव्हिएट संघाचा अणुशक्तीवर चालणारा उपग्रह कॅनडात कोसळला. कॅनडाने सुमारे ६० लाख डॉलर मागितले. १९८१ मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली.

आता अग्निबाण कंपन्याही सोडतात. हैदराबादच्या स्कायरूटचा ‘विक्रम-एस’ १८ नोव्हेंबर २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून उडाला. अशा कंपनीकडून परदेशात हानी झाल्यास उत्तरदायी भारत सरकारच. म्हणून सरकारने परवानगी द्यावी व देखरेख ठेवावी, असे १९६७ चा अंतराळ करार सांगतो. या कामासाठी आपल्याकडे २०२० मध्ये ‘इन-स्पेस’ स्थापन झाले, २०२३ मध्ये धोरणही आले. परंतु धोरण म्हणजे कायदा नव्हे. सरकारने भरलेली रक्कम कंपनीकडून किती वसूल करावी, हे ठरविण्यास संसदेचा कायदाच हवा, असे आम्हांस वाटते.

हौसेने अंतराळात जाणाऱ्या प्रवाशाची गोष्ट निराळी. अमेरिकेत त्यास धोका समजावून देऊन त्याची लेखी संमती घेतात. लाडबोरीच्या ग्रामस्थांस कोणी विचारले नव्हते.