संकटात सही कुणाची?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी वर्गात एका ताईंनी विचारलं, "सगळं देवाच्या हातात आहे असं आपण रोज म्हणतो. मग आमच्याच घरी हे असं का? आणि आता करायचं तरी काय?" त्यांच्याकडे मोठं दुखणं चालू आहे. तेव्हा आम्हाला धड उत्तर देता आलं नाही. आठवडाभर त्याच प्रश्नाचा अभ्यास केला, तो आज आपल्यापुढे ठेवतो.

*आधी घरची गोष्ट*

एका वर्षी दसऱ्याच्या सुमारास आमचं सोयाबीन कापून शेतात पडलं होतं. दोन दिवसांत काढणी होणार, मग मंडी, मग सोसायटीचं कर्ज फिटणार, असा सगळा हिशेब ठरलेला. रात्री पाऊस आला तो थांबेचना. शेंगांना शेतातच कोंब फुटले.

पहिला दिवस आम्ही सगळे नुसते रडत होतो. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, पण स्तोत्र तोंडातून बाहेर पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "देवाला हात जोडून झाले असतील तर आता ते जरा मोकळे करा." म्हणजे काय, ते मोठ्या मुलाला कळलं. कापलेलं पीक पावसात गेलं तर पीकविम्यासाठी 72 तासांच्या आत कळवावं लागतं. त्याने लगेच फोन लावला, शेताचे फोटो काढले, पटवारींना जाऊन भेटला. त्या दिवशी आम्ही रडतच बसलो असतो तर तेही हातचं गेलं असतं. पैसे पुढे उशिरा आले आणि नुकसानीच्या मानाने थोडेच आले, पण आले.

खरं संकट मात्र वेगळंच होतं. भावजी बोलेनासे झाले. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचे, "माझ्यामुळे बुडालं. कापायची घाई मीच केली." आठव्या रात्री सासूबाईंना जाग आली तर भावजी घरात नाहीत. शोधलं तर विहिरीच्या काठावर बसलेले. "झोप येत नव्हती," म्हणाले. कुणी काही बोललं नाही, पण समजायचं ते आम्ही सगळेच समजलो.

*मालव्याची माउली*

त्या दिवसांत आम्हाला आधार मिळाला तो अहिल्याबाईंच्या चरित्राचा. इंदूरकडच्या आपल्या लोकांना त्यांचं नाव रोजचं आहे. 2025 मध्ये त्यांच्या जन्माला 300 वर्षं झाली, तेव्हा भाषणंही पुष्कळ ऐकली. पण दुःखात असताना वाचलं तेव्हा ते चरित्र निराळंच दिसलं.

1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. सासरे मल्हारराव यांनी त्यांना सती जाण्यापासून थांबवलं आणि कारभारात घातलं. 1766 मध्ये तेही गेले. 1767 मध्ये एकुलता मुलगा मालेराव गेला. घर असं रिकामं झालेलं असताना राघोबादादा फौज घेऊन क्षिप्रेपर्यंत आले, त्याच आपल्या शेजारच्या क्षिप्रेपर्यंत. बाई डगमगल्या नाहीत. तुकोजी होळकरांना नदीकाठी पाठवलं, पेशव्यांशी पत्रव्यवहार केला, लढायची तयारी ठेवली. शेवटी दादांना माघार घ्यावी लागली. पुढे नातू गेला, 1791 मध्ये जावई गेले आणि मुलगी मुक्ताबाई सती गेली. आईने विनवलं, पण तिला थांबवता आलं नाही.

एवढी शिवभक्ती करणाऱ्या बाईच्या वाट्याला हे! म्हणजे भक्ती केली की दुःख येत नाही, असा करार देवाने कुणाशीच केलेला नाही. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात समर्थांनी त्रिविध तापांवर तीन समास लिहिले आहेत. शरीराचे रोग, बाहेरून कोसळणारी संकटं, सगळं नावानिशी सांगितलं आहे. संतांनी दुःख लपवलं नाही. म्हणून ज्या ताईंच्या घरी दुखणं आहे त्यांनी "आमचं काहीतरी चुकलं असेल, सेवा कमी पडली असेल" हे मनातून काढून टाकावं.

*‘श्रीशंकर’ म्हणजे काय?*

अहिल्याबाईंच्या हुकुमांवर त्यांचं स्वतःचं नाव नसे, ‘श्रीशंकर’ अशी सही असे. राज्य शंकराचं, आपण त्याच्या कारभारीण, हा त्याचा अर्थ. हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्यात दोन गोष्टी आहेत.

एक, कारभार मालकाच्या नावाने करायचा तर तो चोख हवा. म्हणून तर 1767 पासून 1795 पर्यंत, अठ्ठावीस वर्षं, घरातली माणसं एकेक करून जात असतानाही बाईंचा दरबार थांबला नाही. 1780 मध्ये काशीला विश्वनाथाचं मंदिर उभं राहिलं, ठिकठिकाणी घाट बांधले, महेश्वरला विणकर वसवले. शंकर बघून घेईल म्हणून त्या बसून राहिल्या नाहीत.

दुसरी, जी आम्हाला उशिरा समजली. मालक दुसरा असेल तर निकालाचं सगळं ओझं कारभाऱ्याच्या डोक्यावर नसतं. काम नीट केलं की नाही, एवढंच त्याला विचारलं जातं. भावजींचं दुःख नेमकं इथे अडकलं होतं. पीक तयार होतं, मजूर मिळाले होते, त्या दिवशी आभाळ मोकळं होतं. त्यांनी योग्य तेच केलं. पाऊस त्यांनी आणला नव्हता. पावसाच्या कागदावर ते स्वतःची सही करून बसले होते!

सासूबाईंनी त्यांना हे अगदी साध्या शब्दांत सांगितलं, "बाळा, पेरणं तुझं, कापणं तुझं. पाऊस तुझा नाही. जे तुझं नाही ते खाली ठेव." भावजी त्या दिवशी पहिल्यांदा रडले.

पण एका वाक्याने माणूस बरा होत नाही, हेही सांगायला हवं. आम्ही त्यांना कित्येक दिवस एकटं सोडलं नाही. इंदूरला डॉक्टरांकडे नेलं, औषध चालू केलं. डॉक्टरकडे जाणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं नव्हे. देव मदत पाठवतो ती माणसांच्याच हातून. कुणाच्या घरी असं असेल तर संकोच करू नका. 14416 या टेली-मानस क्रमांकावर कधीही फोन करता येतो, पैसे पडत नाहीत.

*आपले उलटे हनुमान*

सांवेरला आलेला प्रत्येक जण विचारतो, मारुतीची मूर्ती उलटी का? आपण गोष्ट सांगतो की अहिरावणाने राम-लक्ष्मणांना पाताळात नेलं आणि त्यांना सोडवायला मारुतीराय डोकं खाली करून पाताळात निघाले. वरून बघणाऱ्याला सगळं उलटं दिसतं, पण ते निघाले आहेत ते आपल्या माणसाला सोडवायला. घरात सगळं उलटंपालटं झालं की आम्ही दर्शनाला जाऊन ही गोष्ट आठवतो. अर्थ लगेच कळत नाही. कधी कधी कळतच नाही. पण तो निघाला आहे, एवढा विश्वास धरून आजचा दिवस काढता येतो.

*या आठवड्याचा अभ्यास*

१. एका कागदाचे दोन भाग करा. एकीकडे आपल्या हातातलं लिहा : औषधाची वेळ, अर्ज, फोन, स्वयंपाक, नामस्मरण. दुसरीकडे आपल्या हातात नसलेलं.

२. पहिल्या भागातलं एक काम आजच करा.

३. दुसरा भाग रात्री देवापुढे ठेवा. सकाळी तो परत उचलला जाईल, आमचाही जातो. मग रात्री पुन्हा ठेवायचा.

गुरुवारी वर्गात ज्यांना सांगावंसं वाटेल त्यांनी सांगावं, ज्यांना नुसतं बसायचं असेल त्यांनी नुसतं बसावं. चहा आमच्याकडे.

ताई, तुमच्या प्रश्नातल्या ‘का’चं उत्तर आमच्याकडे आजही नाही. पण रात्री-अपरात्री दवाखान्यात सोबत लागली तर फोन करा. तेवढं आमच्या हातातलं आहे.

श्रीगुरुचरणी समर्पित. 🙏