वैताग कुणापाशी सांगावा

नांदेड,
मृगाचा पहिला आठवडा

चि. बाळूस,


रात्री क्लासवर शिकवून झाल्यावर लातूरच्या औसा रोडवरून घरी जाताना तू जे व्हॉइस मेसेज पाठवतोस, ते मी सकाळी चहा ठेवून ऐकते. (गाडी चालवता चालवता बोलत जाऊ नकोस, हे आधी सांगून ठेवते.) छातीत जळजळ होतेय, नळाला पाणी नाही, क्लासचे संचालक सगळ्यांसमोर बोलले, घराचा हप्ता, बाबांची शुगर, सूनबाई नीट बोलत नाही, रात्री दोनला जाग येते आणि छाती धडधडते. अन् शेवटी ठरलेलं, ‘आत्या, तुला कटकट होत असेल ना?’

नाही होत. सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात सगळी नोकरी गेलेल्या बाईला कुरकुरीची कटकट होत नसते. काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. संचालकांची तीच गोष्ट तू त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा सांगतोस आणि दर वेळी तुझा आवाज आधीपेक्षा चढलेला असतो. सांगून जर हलकं व्हायचं असतं तर एव्हाना व्हायला हवं होतं. म्हणून आज फोन न करता लिहायला बसले. लिहिलेलं मधेच तोडता येत नाही, आणि तू बोलताना मला बोलू कुठं देतोस?

माणूस म्हणजे कुकर, वाफ सोडली नाही तर फुटेल, असं आपल्याकडं सर्रास म्हणतात. मला ते कधीच पटलं नाही. कुकरची शिट्टी झाली की आतली वाफ खरोखर कमी होते. माणूस चिडून बोलला की त्याला आणखी चार गोष्टी आठवतात. ब्रॅड बुशमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं २००२ साली यावर एक प्रयोग छापला. सहाशे विद्यार्थी घेतले, त्यांच्या निबंधावर मुद्दाम झोंबणारी टीका करवली. मग काहींना सांगितलं, ज्यानं टीका केली त्याला मनात आणून या बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारा. काहींना ठोसेच मारायला लावले, पण व्यायाम म्हणून. उरलेले नुसते दोन मिनिटं बसून राहिले. सगळ्यांत जास्त राग शिल्लक राहिला तो टीकाकाराला आठवत ठोसे मारणाऱ्यांचा. नुसते बसलेले सगळ्यांत निवांत.

लगेच ‘म्हणजे आत्या, मी गप्प बसू?’ असा मेसेज पाठवू नकोस. गप्प बसल्यानं काय होतं तेही मी पाहिलंय.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. तू तेव्हा पाळण्यात होतास. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि चारच्या सुमाराला किल्लारी-सास्तूरची जमीन हलली. दगडमातीची धाब्याची घरं माणसांवरच बसली. लातूर आणि उस्मानाबाद मिळून हजारो माणसं गेली, बावन्न गावं पुढं दुसऱ्या जागी वसवावी लागली. नांदेडहून गेलेल्या एका पथकात मी होते, नवीनच लागलेली. पहिल्या दिवसांत हाडं मोडलेली, ठेचलेली माणसं यायची. ती कामं आम्हाला येत होती. काही आठवड्यांनंतर जी माणसं यायला लागली, त्यांचं काय करावं ते कळेना. ‘छातीत धडधडतंय.’ ‘कानात गरगर आवाज येतो.’ ‘पोटात गोळा उठतो, अन्न जात नाही.’ तपासावं तर काही सापडायचं नाही. घरातली तीन माणसं गेलेली बाई येऊन फक्त डोकं दुखतं म्हणून सांगायची, गोळी घेऊन जायची, परत यायची. आमच्यातल्या काही जणांनी अशांना ‘काही झालं नाही तुम्हाला’ म्हणून वाटेला लावलं. त्या बोलण्याचा मला तेव्हाही राग आला होता. झालं नव्हतं कसं? जे तोंडानं सांगता येत नव्हतं ते अंग सांगत होतं. पुढं मनोविकारतज्ज्ञांनी त्या गावांत पाहणी केली. तिचा अहवाल १९९६ साली अमेरिकेच्या मानसोपचाराच्या मासिकात आला. वाचलेल्यांतल्या कित्येकांना नैराश्यानं आणि आघातानंतरच्या त्रासानं धरलं होतं.

तेव्हा तुझी रात्री दोनची धडधड मी थट्टेवारी नेणार नाही. पण ‘टेन्शन आहे’ म्हणून तिला सोडूनही देणार नाही. आधी अंगाची झडती, मग मनाची, हा क्रम पाळ. तुझे बाबा शुगरचे, आजोबांना बीपी होतं, आणि तू चाळिशीकडं निघालास. उपाशीपोटीची साखर, हिमोग्लोबिन, थायरॉईड, एक ईसीजी, एवढं या आठवड्यात करून घे. बीपीचं मशीन घरात आहेच, बाबांसाठी आणलेलं. सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोज. आधी पाच मिनिटं पाठ टेकून बस, पाय जमिनीवर, पट्टा छातीच्या पातळीला, अर्धा तास आधी चहा नाही, आणि मोजताना बोलायचं नाही. तुला शेवटचंच अवघड जाईल. आकडे वहीत लिही आणि ती वही डॉक्टरांना दाखव. मेडिकलवाल्याला विचारून महिनोन्‌महिने जी गॅसची गोळी घेतोयस, तीही त्यांना दाखव. रात्री मोबाईलवर लक्षणं शोधत बसशील तर दोनची जाग साडेतीनपर्यंत जाईल, दुसरं काही हाती लागणार नाही.

आणि छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, हात किंवा जबडा दुखायला लागला, दम लागला, तर मला मेसेज करायचा नाही. १०८ ला फोन. ॲसिडिटी असेल म्हणून सकाळपर्यंत थांबलेली माणसं मी वॉर्डात पाहिलीत, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आता पाण्याचं. तुमच्या गल्लीत नळ किती दिवसांनी येतो ते मला तोंडपाठ झालंय. लातूरला हे नवीन नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली ती पाच लाख लिटरची, मग पन्नास वाघिणींची पंचवीस लाख लिटरची गाडी धावायला लागली. त्या आधी मार्चमध्ये काय झालं ते आठवतं का? पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती, मारामाऱ्या होतील म्हणून. आटलं होतं धरण. बेसुमार बोअर पाडणाऱ्यांवर, उसावर, पाण्याच्या नियोजनावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण हंडा घेतलेल्या माणसाचा हात उठणार होता तो रांगेतल्या पुढच्या माणसावर, कारण तोच हाताच्या टप्प्यात होता.

तुझ्या घरात सध्या हेच चाललंय, असं मला दिसतं. संचालकांसमोर तू मान हलवतोस, महापालिकेत अर्ज देत नाहीस, बँकेत हप्ता पुढं ढकलता येईल का ते विचारत नाहीस. अन् चप्पल काढता काढता सगळं सूनबाईवर निघतं. ती दिवसभर बाबांची पथ्यं, पोराची शाळा, टँकरवाल्याचे फोन करून बसलेली असते. ती नीट बोलत नाही म्हणतोस. तिला बोलायला जागा कुठं ठेवलीस? मी तिची बाजू घेतेय असं वाटत असेल तर घेतेय. आल्यावर आधी जेव. मग तिला विचार, तुझा दिवस कसा गेला, आणि ती सांगेल तेव्हा ‘हे तर काहीच नाही, माझं ऐक’ म्हणून तोडू नकोस. तुझ्या बाबांनाही ती खोड आहे.

तुझी आजी, माझी आई, पहाटे जात्यावर बसायची. आम्ही अंथरुणातून ऐकायचो. सासू, जाऊ, कोरडं गेलेलं वरीस, माहेराहून न आलेला भाऊ, सगळं त्या ओव्यांत यायचं. दिवसा हीच बाई चकार शब्द काढत नसे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून बायकांकडून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यातल्या काही मी वाचल्या तेव्हा ध्यानात आलं की ओवी बहुतेक वेळा कुणाला तरी हाक मारते. आईला, भावाला, शेजारणीला, विठ्ठलाला. आणि तिला मोजमाप असतं, चरण संपला की दुःखाचा तेवढा घास संपला. आपल्या गंगाखेडची जनाबाई तर देवालाच जात्यावर बसवून सगळं ऐकवते. पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांचे हात सुटले, ते बरंच झालं. मला ते जातं परत नको. पण बोलायची ती जागा गेली आणि तिच्या बदली काही आलं नाही, हेही खरं. तुझे मेसेज मला तसे वाटतात, फक्त त्यांना चरण नाही आणि ते कुणाला उद्देशून आहेत ते त्यांना माहीत नाही.

माझ्या मते तुझा निम्मा वैताग चुकीच्या खिडकीवर उभा आहे. धडधड डॉक्टरांकडं जाऊ दे. पाण्याचा अर्ज लेखी दे, पोच घे, गल्लीतल्या चार घरांच्या सह्या घे. हप्त्यासाठी बँकेत स्वतः जा, फोनवर ते ऐकत नाहीत. बाबांच्या शुगरचं माझ्यावर सोड, मी त्यांची मोठी बहीण आहे, संध्याकाळची जिलेबी मी बंद करते. संचालकांशी बोलायचं असेल तर दिवसा, एकट्यात, एकच मुद्दा घेऊन. सगळ्यांसमोर बोलू नका, एवढंच सांग. महिन्याचे सगळे अपमान एकदम काढू नकोस.

एवढं झाल्यावरही काही उरेलच. ते लिहून काढ. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये टेक्सासमधल्या विद्यार्थ्यांना चार रात्री पंधरा-पंधरा मिनिटं लिहायला बसवलं होतं. काहींनी आयुष्यातल्या वाईट प्रसंगाचा नुसता तपशील लिहायचा, काहींनी नुसत्या भावना, काहींनी दोन्ही. दोन्ही लिहिणाऱ्यांना त्या रात्री उलट जास्तच वाईट वाटलं. पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. मला यातलं ‘दोन्ही’ महत्त्वाचं वाटतं. तू मला फक्त ‘डोकं फिरलंय, कावलोय’ एवढंच सांगतोस. संचालक नेमकं काय म्हणाले, तू काय उत्तर दिलंस, त्या वेळी वर्गात कोण होतं, हे मला अजून माहीत नाही.

आणि तुझ्या वर्गातल्या लेकरांचं. नीटच्या तयारीला गावं सोडून लातुरात आलेली सोळा-सतरा वर्षांची पोरं मेसच्या भाजीबद्दल कुरकुरतात, त्याचं तुला हसू येतं. येऊ दे, पण ऐकत जा. रविवारच्या टेस्टच्या आधी ज्याचं पोट हमखास दुखतं, तो कामचुकार असेलच असं नाही. किल्लारीच्या बायका मला आठवतात त्या यासाठीच. कुरकुरणारं पोर मला तितकं घोर लावत नाही. कुरकुरणारं एकाएकी गप्प झालं, वह्या-पुस्तकं वाटायला लागलं, ‘मी नसलो तर बरं होईल’ असं हसत जरी म्हणालं, तर त्याला एकटं सोडायचं नाही. सरळ विचारायचं, जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्यानं ते डोक्यात भरतात हा खुळा समज आहे. घरच्यांना त्याच दिवशी बोलावून घ्यायचं. टेलीमानसचा १४४१६ हा नंबर वर्गाच्या भिंतीवर लाव. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. तो मोठ्यांनाही चालतो, तुलाही.

मेसेज पाठवणं बंद करू नकोस. फक्त गाडी उभी करून पाठव, आणि आधी एवढं सांग की तुला सल्ला हवाय की नुसतं ऐकून घ्यायचंय. नुसतं ऐकायचं असेल तर मी खरंच गप्प बसेन. अवघड जाईल, पण बसेन.

पुढच्या रविवारी मी सकाळच्या एसटीनं लोहा-अहमदपूरमार्गे येतेय. तुझ्या बाबांना सांगू नकोस, नाहीतर ते आदल्या दिवशी पथ्य पाळून दाखवतील. आकड्यांची वही तयार ठेव. सूनबाईला सांग, स्वयंपाक करू नको. मी येताना ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणतेय.

तुझी,
आत्या