सामाईक विमान

अंबाजोगाई

चि. बाळास,


धुळ्याच्या फ्लाइंग क्लबात विमानं थोडी, शिकणारी पोरं जास्त, त्यामुळे तास सरकत नाहीत, असं तू फोनवर म्हणालीस. तुझी घाई मला कळते. दाजींनी वावर गहाण टाकून फी भरली आहे, आणि व्यावसायिक परवान्याला 200 तास लागतात. त्यातले 100 विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन करायचे. शिवाय 300 सागरी मैलांची, म्हणजे साधारण 555 किलोमीटरची एक लांब फेरी आहे, रात्रीचं उड्डाण आहे. स्वतःचं विमान असतं तर, असं तुझ्या मनात येणारच. पण जे. आर. डी. टाटासुद्धा मुंबई फ्लाइंग क्लबच्या विमानावरच शिकले आणि 10 फेब्रुवारी 1929 ला देशातला पहिला परवाना त्यांनी मिळवला.

सामाईक विहिरीवर पाळी चुकवणाऱ्याला भावकी चार शब्द बोलते आणि विसरते. मोटार जळाली तरी गुपचूप घरी जाणाऱ्याला मात्र ती विसरत नाही. क्लबचं विमान तसंच आहे. माझा जन्म हँगरमध्ये विमानं दुरुस्त करण्यात गेला, म्हणून हे लिहितो.

आधीचा वैमानिक म्हणाला "सगळं ओके आहे", तरी तपासणी पहिल्यापासून तूच कर. टाकीत पट्टी घालून इंधन मोज, काट्यावर जाऊ नकोस. तळाचं इंधन काढून उजेडात धर. ते निळसर दिसलं पाहिजे, खाली पाण्याचा थेंब नको. आधीचा उंच असेल तर त्याने सीट मागे सरकवलेली असते. ती पुढे घेतल्यावर खटका पक्का बसला का, हे अंग मागे रेटून बघ. सेसना विमानाची सीट ऐन उड्डाणात मागे घसरून हातातलं नियंत्रण सुटल्याचे अपघात झालेले आहेत. ट्रिम आणि अल्टिमीटरही आधीच्याने ठेवलेले असतात, तुझे नसतात.

आता खरं सांगायचं ते. उतरताना नाकाचं चाक जोरात आदळलं, तर लगेच सांग आणि विमानाच्या वहीत लिही. सेसना 172 मध्ये त्या दणक्याने इंजिनामागचा पत्रा मुडपू शकतो, आणि बाहेरून बहुतेकदा काहीच दिसत नाही. तू गप्प बसलीस तर ते विमान घेऊन पुढचं पोर आकाशात जाईल, कदाचित पहिल्यांदाच एकटं. स्नॅग, म्हणजे बिघाड, लिहिला की विमान उभं राहतं, सगळ्यांची पाळी बुडते, सोबतची पोरं तोंड वाकडं करतात. करू देत.

तासांचंही तसंच. न उडलेला अर्धा तास वहीत चढवू नकोस, कुणी सुचवलं तरी. 2011 मध्ये देशात वैमानिकांच्या खोट्या गुणपत्रिका आणि फुगवलेले तास उघडकीस आले, परवाने गेले, तुरुंगवाऱ्या झाल्या. आणि कागदावरचा तास वादळात कामाला येत नाही.

लांब फेरीची तारीख मागण्याआधी त्या विमानाच्या 100 तासांच्या तपासणीला किती तास उरलेत, ते इंजिनिअरला विचारून घे. बरीच पोरं हे विचारत नाहीत आणि मग हँगरच्या दाराशी ताटकळतात. ती वेळ आलीच तर आत जा, उघडलेलं इंजिन बघ, मेकॅनिकला प्रश्न विचार.

दिवाळीपर्यंत रात्रीचे तास पुरे झाले नाहीत तरी चालेल. दाजींशी मी बोललो आहे. वाढीव खर्चाचं आम्ही दोघं बघतो, तू त्यापायी एकही स्नॅग लपवू नकोस.

तुझा,
मामा