एक खातेवही, अनेक हात

पतसंस्थेच्या एका सभासदाच्या खात्यात ५,००० रुपये शिल्लक आहेत, असे समजू. एका खिडकीवर तो २,००० काढतो. त्याच क्षणी दुसऱ्या खिडकीवर त्याचा मुलगा त्याच खात्यात १,००० भरतो. दोन्ही कारकुनांच्या पडद्यावर ५,००० दिसतात. पहिला ३,००० लिहितो, दुसरा ६,०००. खरी शिल्लक ४,००० हवी. राहते मात्र शेवटी लिहिणाऱ्याची. कागदी खातेवहीत असे होत नसे, कारण वही एका वेळी एकाच्याच हाती असे. अनेकांनी वापरावयाच्या हिशेबासाठी मुक्त स्रोत डेटाबेस निवडताना वेगाचीच चर्चा फार होते. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने आधी या शिलकेचे काय होते ते विचारावे.

एसक्यूलाइट (२०००) बरीचशी जुन्या वहीसारखी आहे. सारा डेटाबेस एका फाइलीत. वाचणारे अनेक, पण लिहिणारा एका वेळी एकच. एका यंत्रावरच्या दुकानाला ती पुरे. तीच फाइल नेटवर्कवरून पाच यंत्रांनी उघडावी, असे तिचे कर्तेही सुचवत नाहीत.

मायएसक्यूएल (१९९५) मूळचा स्वीडनचा, २०१० पासून ओरॅकलच्या ताब्यात. त्याच्या जुन्या मायआयसॅम पद्धतीत ट्रान्झॅक्शनच नव्हते. एक खाते नावे पडले आणि दुसरे जमा होण्यापूर्वी वीज गेली, तर तेरीज जुळणे अशक्य! २०१० च्या ५.५ आवृत्तीपासून इनोडीबी ही मूळ पद्धत झाली आणि ही उणीव गेली. तरी 'शिल्लक शून्याखाली जाऊ नये' असा चेक नियम तक्त्यावर घातला, तर २०१९ च्या ८.०.१६ पूर्वी तो निमूटपणे स्वीकारून दुर्लक्षिला जाई. हिशेबनिसाला याहून धोकादायक काय असेल?

पोस्टग्रेसक्यूएलचा उगम बर्कले विद्यापीठातील १९८६ च्या प्रकल्पात आहे. त्यात 'रिपीटेबल रीड' ही पातळी निवडल्यास आपल्या दुसऱ्या कारकुनाची नोंद नाकारली जाते व व्यवहार पुन्हा करावा लागतो. मायएसक्यूएलमध्ये त्याच नावाच्या पातळीवर ६,००० खुशाल लिहिले जातात. मात्र पोस्टग्रेस नुसता बसवून भागत नाही. त्याची मूळ पातळी 'रीड कमिटेड' आहे आणि तीत हीच चूक घडू शकते. '३,००० लिही' असे न सांगता 'असलेल्या शिलकेतून २,००० वजा कर' असे सांगणे, किंवा वाचतानाच त्या ओळीला कुलूप लावणे, हा उपाय दोन्हीकडे चालतो.

पैशाच्या हिशेबासाठी मी पोस्टग्रेस निवडीन. संस्थेत मायएसक्यूएल जाणणारा माणूस आधीच असेल, तर इनोडीबी आणि नवी आवृत्ती एवढे पाहून त्याच्याच हाती काम द्यावे.