वयस्क कोंबडीचे खाद्य : प्रथिने कमी, तरी पोषण पूर्ण कसे?



"प्रथिने जितकी जास्त तितकं चांगलं," असं आपण सहज म्हणतो. हे कितपत खरं आहे ते आज अंडी देणाऱ्या कोंबडीच्या उदाहरणातून समजून घेऊ या. पोल्ट्री असलेल्या घरांतल्या मुलांना तर हा पाठ फारच जवळचा वाटेल.

आधी एक खेळ

मुलांना अक्षरकार्डांची पिशवी द्या. त्यात 10 'क', 8 'म' आणि 3 'ळ' ठेवा आणि 'कमळ' हा शब्द करायला सांगा. किती शब्द होतील? फक्त 3! 'क' आणि 'म' उरतात, 'ळ' संपतो.

आता 6 शब्द हवे असतील तर दोन मार्ग आहेत. एक, अशीच आणखी एक पूर्ण पिशवी आणायची. 6 शब्द होतील, पण 14 'क' आणि 10 'म' वाया जातील. दुसरा, पहिल्याच पिशवीत फक्त 3 'ळ' टाकायचे. शब्द 6च, पण उरतील फक्त 4 'क' आणि 2 'म'.

खेळातून विज्ञान

प्रथिन म्हणजे शब्द आणि अमिनो आम्लं म्हणजे अक्षरं. काही अमिनो आम्लं कोंबडीचं शरीर स्वतः तयार करतं, काही मात्र खाद्यातूनच मिळावी लागतात. मका आणि सोयाबीन पेंड यांच्या खाद्यात सर्वांत आधी कमी पडतं ते मेथिओनिन. तोच आपला 'ळ'! त्यानंतर लायसिन, थ्रिओनिन यांचा नंबर लागतो.

मेथिओनिन पुरावं म्हणून पेंड वाढवत गेलो, तर बाकीची अमिनो आम्लं जादा होतात. शरीर ती साठवून ठेवू शकत नाही. त्यांतला नायट्रोजन युरिक आम्लाच्या रूपात विष्ठेतून बाहेर पडतो. विष्ठेतला पांढरा भाग तो हाच. पुढे जिवाणूंमुळे त्यापासून अमोनिया वायू बनतो. शेडमध्ये डोळे चुरचुरतात ते त्यामुळे. कोंबड्यांनाही त्रास आणि तिथे काम करणाऱ्या आई-वडिलांनाही.

वयस्क कोंबडीचं वेगळं काय?

कोंबडी साधारण 18 ते 20 आठवड्यांची झाली की अंडी देऊ लागते. वय वाढलं की अंड्यांची संख्या घटते, पण अंडं मोठं होतं. कवचासाठी मिळणारं कॅल्शियम मात्र त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून कवच पातळ होतं आणि फूट वाढते. अशा वेळी प्रथिने थोडी कमी करून मेथिओनिन, लायसिन मोजून दिलं, तर अंड्याचा आकार आटोक्यात ठेवता येतो, पेंडीचा खर्चही वाचतो.

पण जपून! अंडी कमी झाली म्हणून गरज तेवढीच कमी होत नाही. अंडं मोठं असतं, शिवाय शरीर चालवायला, पिसांना प्रथिन लागतंच. प्रथिने फारच घटवली तर व्हॅलिन, आयसोल्युसिन, ट्रिप्टोफॅन कमी पडतात, मग नुसतं मेथिओनिन टाकून भागत नाही. पातळ कवचावरही अमिनो आम्ल हा उपाय नव्हे. त्यासाठी शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडी हवीच.

गणिताशी सांगड

शेकडेवारी शिकलेल्या मुलांना हे उदाहरण द्या. एक कोंबडी रोज 110 ग्रॅम खाद्य खाते असं धरू.

- 17 टक्के प्रथिने : 18.7 ग्रॅम
- 15 टक्के प्रथिने : 16.5 ग्रॅम
- फरक : 2.2 ग्रॅम

प्रथिनात सुमारे 16 टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे 1000 कोंबड्यांमागे रोज साधारण 350 ग्रॅम नायट्रोजन कमी जातो. महिन्याचा हिशोब मुलांनाच करू द्या.

पालकांसाठी

घरी कोंबड्या असतील तर पेंड अंदाजाने कमी करू नका. पशुवैद्यक किंवा आहारतज्ज्ञांना विचारून, खाद्याची तपासणी करूनच बदल करा.

आणि आपल्या ताटाचं काय? तांदळात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. वरण-भात एकत्र आला की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. नुसता भात खाणाऱ्या मुलाला आणखी भात वाढून ही उणीव भरत नाही. त्याच्या ताटात डाळ हवी.

मुलांना विचारा

1. पिशवीत आणखी 5 'क' टाकले तर 'कमळ' शब्द वाढतील का? का?
2. शेडमध्ये अमोनिया कशामुळे होतो?
3. तुमच्या आजच्या डब्यात कोणते दोन पदार्थ एकमेकांची उणीव भरून काढतात?